निळ्या नक्षीची माती

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घ्या, मुंबईचा चोरबाजार घ्या किंवा लिस्बन शहरात दर मंगळवारी आणि शनिवारी भरणारा ‘फेइरा दा लाद्रा’ हा जुन्या वस्तूंचा बाजार घ्या. जिथे मातीची रंगीत भांडी मांडलेली असतात तिथे माणसाची पावले आपसूक मंदावतात. ‘लाद्रा’ म्हणजे चोरटी बाई. तेव्हा नावापुरते तरी मुंबईच्या आणि लिस्बनच्या या दोन बाजारांचे गोत्र एकच म्हणायचे! जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर निळ्या नक्षीची रकाबी असते, तिच्या शेजारी कोबीच्या पानासारखा हिरवा वाडगा, कडेला एखादी फुलदाणी, कुठल्याशा जुन्या भिंतीवरून निघालेली चौकोनी फरशी. गिऱ्हाईक वस्तू उचलते, उजेडात धरते, कडेवर टिचकी मारून नाद ऐकते, उलटी करून तळाची खूण पाहते आणि विचारते, “ही कुठली?” विक्रेता एका शब्दात सांगून मोकळा होतो : चीनची, हॉलंडची, पोर्तुगालची, जपानची.

हे एका शब्दाचे उत्तर बाजाराला पुरते, इतिहासाला पुरत नाही. त्या रकाबीचा माग काढत गेले म्हणजे एक देश दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. या प्रवासात व्यापारी भेटतात तसे संतही भेटतात. कारागीर भेटतात तसे लुटारूही. आपल्या वसईच्या एका सुपुत्राचीही वाटेत गाठ पडते. हा प्रवास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कवडीची चकाकी

आपल्या माजघरात लोणच्यासाठी आणि मुरांब्यासाठी जी बरणी असे, तिला आपण ‘चिनी मातीची बरणी’ म्हणत आलो. वस्तू कुठून आली हे त्या नावातच जपले गेले आहे. इंग्रजीतही या भांड्यांना ‘चायना’ म्हणतात. ‘पोर्सिलेन’ या शब्दाचा जन्म तर त्याहून मौजेचा आहे. इटालियन भाषेत ‘पोर्सेलाना’ म्हणजे कवडी. चीनची ती पांढरीशुभ्र, तुकतुकीत भांडी पाहून युरोपीय माणसांना समुद्रातील कवडीची आठवण झाली आणि तेच नाव त्या भांड्यांना चिकटले.

ही भांडी घडविणारे सर्वात मोठे केंद्र म्हणजे चीनच्या च्यांगशी प्रांतातील चिंगदेचेन हे नगर. या नगराजवळ काओलिंग नावाची टेकडी आहे. तेथील पांढऱ्या मातीला जगभर ‘केओलिन’ म्हणतात, ते त्या टेकडीवरून. ही माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून, चाकावर घडवून, सुमारे तेराशे अंश उष्णतेत भाजली म्हणजे तिचे जणू रूपांतर होते. ती काचेसारखी घट्ट होते, पाणी शोषत नाही, पातळ घडविली तर तिच्यातून उजेड दिसतो आणि टिचकी मारताच घंटेसारखी वाजते.

परंतु ज्या निळ्या रंगासाठी ही भांडी जगाला वेड लावून गेली, तो रंग आरंभी चीनचा नव्हता. तो कोबाल्ट नावाच्या खनिजापासून होतो आणि उत्तम कोबाल्ट इराणातील काशान परिसरातून चीनला जात असे. भट्टीच्या प्रचंड आचेत इतर रंग करपून जातात, कोबाल्ट मात्र झिलईखाली टिकून राहतो. इराणच्या कुंभारांना निळा रंग ठाऊक होता, पण तशी शुभ्र माती त्यांच्याकडे नव्हती. चिनी कुंभारांकडे माती होती आणि आता रंग आला. चौदाव्या शतकात, मंगोल राजवटीत, या दोहोंचे लग्न लागले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या दोन उंच निळ्या-पांढऱ्या कलशांवर १३५१ या सालाचा लेख आहे. एका भाविकाने ते मंदिराला अर्पण केले होते. पुढे ही भांडी जहाजांतून आणि उंटांच्या पाठीवरून पुन्हा इराणात गेली. १६११ साली शाह अब्बासने अर्दबील येथील दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली. इराणातून गेलेला रंग चीनच्या मातीवर बसून इराणात परतला, तो दर्ग्याचे दान होऊन!

ज्याला आपण चीनची म्हणून ओळखतो, ती रकाबी अशी जन्मतःच दोन देशांची आहे.

उलटी अक्षरे आणि एक समाधी

पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि चीनच्या मालाचे दार त्यांना किलकिले झाले. चीनच्या बादशाहीने परदेशी व्यापाऱ्यांना बंदी केली तरी किनाऱ्यावरील बेटांवर चोरून देवघेव चालूच राहिली. पोर्तुगीज व्यापारी केवळ तयार माल घेऊन थांबले नाहीत, ते आपल्या पसंतीची नक्षी काढून मागू लागले. पोर्तुगालमधील बेजा येथील संग्रहालयात असा एक वाडगा आहे. मलाक्काचा कप्तान पेरू दि फारिया याचे नाव आणि १५४१ हे साल त्यावर आहे आणि त्याच वाडग्यावर ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे आरंभीचे लॅटिन शब्द रंगविलेले आहेत. ज्या कुंभाराने ते रंगविले त्याला लॅटिनचे एक अक्षरही येत नसावे. कागदावर दिलेल्या आकृत्या पाहून, त्याच कुंचल्याने, ज्याने तो कमळे आणि वेली काढीत असे, त्याने पवित्र मरियेचे नाव काढले.

त्या काळच्या काही चिनी सुरयांवर जॉर्ज आल्वारिस या व्यापाऱ्याने त्या करवून घेतल्याचा पोर्तुगीज मजकूर आणि १५५२ हे साल आहे. गंमत अशी, की मजकूर चक्क उलटा रंगविलेला आहे. चित्रकाराला वर कोणते आणि खाली कोणते हे कसे कळावे? हा आल्वारिस म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचा मित्र, ज्याने १५४७ साली त्यांच्या विनंतीवरून जपानचे वर्णन लिहून दिले, तोच असे मानले जाते. त्याच्याच मार्गदर्शनाने आंजिरो हा जपानी गृहस्थ मलाक्काला झेवियर यांना भेटला आणि जपानच्या मिशनकार्याचे बीज पडले.

सुरयांवरील ते साल आपल्याला सहज ओळखू येते. १५५२ च्या उन्हाळ्यात संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर उतरले. पोर्तुगीज ग्रंथांत या बेटाला सान्शियन म्हटले आहे. मुख्य भूमीवर जाण्यास परकीयांना मनाई होती. त्यांना गुपचूप कँटनला पोहोचविण्याचे एका चिनी व्यापाऱ्याने मिरीच्या मोबदल्यात कबूल केले होते. तो आलाच नाही. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला अंतोनियो हा चिनी तरुण तेवढा अखेरपर्यंत त्यांच्या उशाशी होता. ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनचा किनारा दृष्टीच्या टप्प्यात असताना, त्यांनी देह ठेवला.

या बेटावर पुढील काळात निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या खापऱ्यांचे थर सापडले. त्या जागेला स्थानिक लोक ‘नक्षीच्या वाडग्यांचे पठार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. काही खापऱ्यांवर क्रुसाची आकृती आहे. जहाजांची वाट पाहत पडलेला माल तेथेच फुटला, टाकला गेला, वाळूत मुरला. म्हणजे त्या एकाच बेटावर दोन प्रकारची माणसे चीनच्या दाराशी थांबली होती. एकाला तेथून काही न्यायचे होते, दुसऱ्याला काही द्यायचे होते. गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेत आपण ज्या संताचे दर्शन घेतो, त्याची पहिली समाधी अशा व्यापारी तळाच्या सान्निध्यात होती, याची आठवण क्वचितच कोणी करते.

पोपच्या पंगतीतील सल्ला

लिस्बनमध्ये ‘रुआ नोव्हा दूश मेरकादोरिश’, म्हणजे व्यापाऱ्यांचा नवा रस्ता, ही सोळाव्या शतकातील नामांकित बाजारपेठ होती. १५८० च्या सुमारास या रस्त्यावर केवळ चिनी भांड्यांची सहा दुकाने होती. युरोपातील इतर दरबारांत चिनी रकाबी सोन्याच्या कोंदणात बसवून कपाटात ठेवीत, त्या काळात लिस्बनमध्ये ती रस्त्यावरच्या दुकानात मिळत होती.

याच काळातील एक प्रसंग मोठा उद्बोधक आहे. ब्रागाचे आर्चबिशप बार्तोलोमेउ दुश मार्तिरिश हे डॉमिनिकन संघाचे विरक्त धर्मगुरू ट्रेंटच्या धर्मपरिषदेसाठी गेले होते. १५६३ साली ते रोमला पोप चौथे पायस यांच्या भेटीस गेले. भोजनाच्या वेळी टेबलावर चांदीची ताटे पाहून त्यांनी पोपमहाशयांना निर्भीडपणे सुचविले, की ही चांदी बाजूला सारावी. आमच्या पोर्तुगालात चीनहून येणारी मातीची भांडी आहेत. ती चांदीपेक्षा कमी किमतीची आणि तरीही अधिक सुंदर व अधिक स्वच्छ असतात, असे त्यांनी सांगितले. पोपमहाशयांना सूचना आवडली आणि त्यांनी अशी काही भांडी पाठवून देण्यास सांगितले. सतराव्या शतकात लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ही हकिकत आली आहे. या आर्चबिशपांना पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली संतपदावर घेतले.

ट्रेंटची परिषद म्हणताच आपल्याला धर्मसिद्धान्त आणि शिस्तीचे नियम आठवतात. त्याच परिषदेचा एक सभासद भोजनाच्या ताटाविषयीही विचार करीत होता. ख्रिस्तसभेने साधे राहावे आणि साधेपणात सौंदर्य असावे, हे सांगण्यासाठी त्याला मातीच्या ताटाहून चांगला दाखला सापडला नाही. गरिबी म्हणजे कुरूपता नव्हे, असे जणू तो सांगत होता.

तथापि लगेच हेही सांगितले पाहिजे, की ते स्वस्त आणि सुंदर ताट लिस्बनच्या दुकानापर्यंत ज्या वाटेने आले ती वाट निष्कलंक नव्हती.

लिलाव

गोव्याच्या जुन्या राजधानीत ‘रुआ दिरेइता’, म्हणजे सरळ रस्ता, ही मुख्य पेठ होती. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशपांच्या परिवारात लेखनिक म्हणून गोव्यास आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या रस्त्याचे सजीव चित्र आहे. रविवार आणि सणाचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊपर्यंत तेथे लोकांची दाटी होई. नाना देशांचे व्यापारी येत. पुकारे करणारे लोक वस्तू अंगाखांद्यांवर घेऊन फिरत आणि बोली लावीत. पोर्तुगीज भाषेत या प्रकाराला ‘लेलांव’ म्हणत. आपला ‘लिलाव’ हा शब्द तो हाच. घमेले, पिंप, बालदी हे घरातले शब्दही आपण त्याच भाषेकडून घेतले आहेत. मराठी गृहिणी दिवसातून अनेक वेळा नकळत पोर्तुगीज बोलते ती अशी.

परंतु लिन्सखोटेनने आणखीही एक गोष्ट नोंदविली आहे. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, माणसेही विकली जात. स्त्रिया, पुरुष, मुले यांना घोड्यांप्रमाणे गुण सांगून विकण्यात येई. आज जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंच्या छायेत फिरताना त्या रस्त्याचे सरळपण कोठे लोपले हे कळत नाही. पण ‘लिलाव’ हा शब्द आपल्या जिभेवर आहे तोवर त्या सकाळीही आपल्या इतिहासात आहेत. सुंदर वस्तू पारखणारा डोळा शेजारी उभ्या असलेल्या बेड्यांतील माणसाला पाहत नव्हता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती माणसांनी आपल्या घरच्या इतिहासात प्रामाणिकपणे लिहून ठेवली पाहिजे.

समुद्रावरचा व्यवहारही असाच होता. २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळ डच कप्तान याकोब व्हान हेम्सकर्कने ‘सांता कातारिना’ हे मकावहून मलाक्काला निघालेले पोर्तुगीज गलबत पकडले. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅम येथे त्यावरील मालाचा लिलाव झाला. चिनी भांडीच सुमारे एक लाख नग होती असे सांगतात. फ्रान्सच्या राजासाठी खरेदी झाली, इंग्लंडच्या राजासाठी झाली. ही लूट न्याय्य ठरविण्यासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण कायदेपंडिताने लेखन केले. समुद्र सर्वांना मोकळा आहे असे प्रतिपादन करणारा त्याचा १६०९ चा प्रसिद्ध ग्रंथ त्यातूनच निघाला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या उगमापाशी अशी लुटीची चिनी भांडी रचलेली आहेत!

हॉलंडात मग या भांड्यांची हौस वाढली. सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये मिंग घराणे कोसळले, यादवी माजली आणि माल येईनासा झाला. तेव्हा डेल्फ्ट गावचे कुंभार आपल्या साध्या मातीवर पांढरी झिलई चढवून तिच्यावर निळे चिनी मनोरे आणि पूल काढू लागले. पुढे डेल्फ्टच्या निळ्या फरशा पोर्तुगालात गेल्या. तेथे मूर लोकांकडून आलेली फरशांची कला पूर्वीपासून होती. तिचे ‘अझुलेजू’ हे नावच अरबी आहे. ती कलाही निळ्या रंगात न्हाली आणि चर्चच्या भिंतींवर संतांच्या कथा निळ्या झाल्या. त्याच परंपरेतील जॉर्ज कोलासू या चित्रकाराच्या १९३५ सालच्या फरशा पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत आजही पाहावयास मिळतात. त्या पाहणाऱ्याला वाटते, किती अस्सल पोर्तुगीज! त्यांच्यामागे अरब आहेत, डच आहेत, चिनी आहेत, इराणी आहेत.

नागासाकीची माऊली

या कथेतील सर्वात हृदयस्पर्शी प्रकरण जपानमधील आहे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोनदा स्वारी केली. त्याच्या सरदारांनी परतताना कोरियन कुंभारांना कुटुंबांसह पकडून आणले. जपानी इतिहासात या युद्धाला ‘कुंभारांचे युद्ध’ असेही म्हणतात. परंपरा सांगते, की त्यांपैकी ई साम-प्योंग नावाच्या कुंभाराला १६१६ च्या सुमारास आरिता येथे केओलिन माती सापडली आणि जपानची चिनी भांडी जन्माला आली. लाल, निळी आणि सोनेरी आरिता भांडी पुढे युरोपच्या राजवाड्यांत गेली. ती घडविणारे हात मूळचे धरून आणलेले होते.

याच हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्तभक्तांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. कोरियन कुंभाराला मायदेशातून ओढून नेणारा आणि वसईच्या या फ्रान्सिस्कन बंधूला मृत्युदंड देणारा हुकूम एकाच माणसाचा, एकाच दशकातला.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू उरले नाहीत, चर्चे उरली नाहीत, पवित्र प्रतिमा बाळगणे म्हणजे मृत्यू. नागासाकी परिसरातील शेतकरी आणि कोळी यांनी मग एक मार्ग शोधला. चीनच्या फुचियान प्रांतातील देह्वा येथे दुधासारख्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती होत. त्यांत ग्वानयिन या करुणेच्या देवतेची, कुशीत बालक घेतलेली मूर्ती असे. ही मूर्ती जपानी बाजारात उघडपणे मिळे, ती बाळगण्यात धोका नव्हता. गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी ती घरी आणली आणि तिच्यापुढे बसून हळू आवाजात पवित्र मरियेची प्रार्थना केली. या मूर्तींना आज ‘मारिया कान्नोन’ म्हणतात. दोनशे पन्नास वर्षे, सात पिढ्या, एकही धर्मगुरू नसताना, बाप्तिस्मा आणि प्रार्थना यांच्या जोरावर श्रद्धा टिकली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले, फादर पेतिजाँ यांना त्यांनी आपले अंतःकरण त्यांच्यासारखेच असल्याचे सांगितले आणि मरियेची प्रतिमा कोठे आहे असे विचारले. त्या मंडळींच्या उराकामी गावातून जप्त झालेल्या पांढऱ्या मूर्ती आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आपल्याला यात एक आणखी धागा दिसतो. जपानची कान्नोन म्हणजे चीनची ग्वानयिन आणि चीनची ग्वानयिन म्हणजे मूळचा भारतातील बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. संकटात हाक मारणाऱ्यांच्या मदतीला येणारा हा बोधिसत्त्व वसईच्या खाडीपलीकडे, साष्टीच्या डोंगरातील कान्हेरीच्या लेण्यांत, दगडात कोरलेला आहे. चीनमध्ये जाऊन तो माता झाला, देह्वाच्या कुंभाराने त्याला मातीत घडविले आणि नागासाकीच्या भयभीत आईने त्या मातीत येशूची आई पाहिली. जुन्या वस्तूंच्या दुकानात अशी पांढरी मूर्ती दिसली तर तिला कोणत्या कप्प्यात ठेवणार? भारतीय, चिनी, जपानी, बौद्ध की ख्रिस्ती?

सत्तर हात

आता पुन्हा चिंगदेचेनकडे वळू. येशूसंघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर फ्राँस्वा झाव्हिए दान्त्रकोल यांनी तेथे मिशनकार्य केले. त्यांनी १७१२ आणि १७२२ साली युरोपला लिहिलेल्या दोन पत्रांत चिनी भांड्यांची सगळी कृती तपशीलवार सांगितली आहे. भांडी घडविणाऱ्यांत काही ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्याकडून ऐकलेले आणि स्वतः डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी लिहिले. तेथील जाणकार केओलिन मातीला भांड्याचे हाड आणि दगडाच्या पुडीला मांस समजत. परदेशी लोकांनी नुसती दगडाची पूड नेऊन भांडी करण्याचा खटाटोप केला, तेव्हा हाडांवाचून शरीर उभे करायला निघालेत, असे म्हणून चिनी व्यापारी हसले, असेही त्यांनी नमूद केले आहे. चीनने शतकानुशतके राखलेले गुपित या पत्रांमुळे युरोपच्या हाती पडले, हा त्यांच्यावरचा आक्षेप खोटा नाही. जर्मनीत माइसेन येथे १७१० मध्येच कारखाना निघाला होता, परंतु इतर ठिकाणी या पत्रांचा मोठा उपयोग झाला.

तरीही ही पत्रे वाचताना मनात राहतात ती माणसे. दान्त्रकोल सांगतात, की तेथे अठरा हजार कुटुंबे आणि तीन हजार भट्ट्या आहेत. रात्री डोंगराळ मुलखातील ते नगर ज्वाळांनी पेटलेले वाटते. एक भांडे पूर्ण होईपर्यंत सत्तर कामगारांच्या हातांतून जाते. कडेची निळी रेघ काढणारा फक्त रेघच काढतो, फुलांची रेषा दुसरा काढतो, रंग तिसरा भरतो. डोंगर आणि पाणी एकाचे, पशुपक्षी दुसऱ्याचे. आंधळे आणि पंगू लोक दिवसभर रंग खलून पोट भरतात. एका कामगाराची कथाही ते सांगतात : बादशहाने अशक्य कोटीची भांडी मागितली, ती साधेनात, अधिकाऱ्यांचा मार थांबेना, तेव्हा त्याने निराशेने पेटत्या भट्टीत उडी घेतली. पुढे कुंभारांनी त्यालाच भट्टीचे दैवत मानले. शहराबाहेर अति गरिबांची प्रेते टाकण्यासाठी एक खोल खड्डा सदैव उघडा असे, हेही त्या धर्मगुरूंच्या नजरेतून सुटले नाही.

हे वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातील ‘कुंभाराचे शेत’ आठवल्यावाचून राहत नाही. प्रभूला धरून देण्यासाठी दिलेली तीस नाणी परत आली तेव्हा त्या रक्ताच्या पैशातून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेण्यात आले. बायबलमध्ये कुंभार आरंभापासून आहे. उत्पत्तीत परमेश्वर मातीचा मनुष्य घडवितो, यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जाऊन बिघडलेले भांडे पुन्हा घडताना पाहतो, संत पौल मातीच्या भांड्यातील ठेव्याविषयी लिहितो. मातीचे सौंदर्य आणि मातीत मिळालेली माणसे या दोन्ही गोष्टी पवित्र शास्त्र आपल्यासमोर एकत्र ठेवते. बाजार मात्र त्यांची ताटातूट करतो. वस्तू पुढे मांडतो आणि हात मागे लपवितो.

ही ताटातूट मोडून काढण्याचा एक प्रयत्नही मातीतूनच झाला. इंग्लंडचा विख्यात कुंभार जोसाया वेजवूड याने १७८७ साली साखळदंडांत जखडलेल्या, गुडघे टेकून याचना करणाऱ्या गुलामाची छोटी मातीची पदके घडविली आणि ती विनामूल्य वाटली. स्त्रिया ती केसांत आणि हातांत दागिन्यांप्रमाणे वापरू लागल्या आणि गुलामीविरुद्धचे मत घरोघर पोहोचले. रुआ दिरेइतावर ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तो माणूस दोनशे वर्षांनी एका कुंभाराने मातीवर काढून सर्वांच्या नजरेसमोर आणला.

आपले आणि परके

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या आडनावांकडे, लग्नातील पेहेरावाकडे, नाताळच्या फराळाकडे बोट दाखवून ‘हे मूळचे तुमचे नव्हे’ असे सांगणारे अधूनमधून भेटतात. आपलीच तरुण मुले कधीकधी त्या शब्दांनी ओशाळी होतात. अशा वेळी त्या निळ्या रकाबीकडे पाहावे. जयपूरची निळी भांडी आज भारताची शान म्हणून विकली जातात. त्यांची कला इराण आणि मध्य आशियातून आली आणि ती मरणपंथाला लागली असता कृपालसिंह शेखावत यांच्यासारख्या कलावंतांनी तिला विसाव्या शतकात पुन्हा उभे केले. ती जयपूरची नव्हे असे कोण म्हणेल? ज्यांनी जे प्रेमाने घेतले, सांभाळले, त्यात आपले श्रम ओतले आणि पुढच्या पिढीला दिले, ते त्यांचे झाले. उसने घेणे हा कमीपणा नाही. कोणाकडून घेतले हे विसरणे हा कमीपणा आहे.

दुसरी गोष्ट श्रमाची. भांड्यांच्या कारखान्यांत उडणारी बारीक सिलिका धूळ कामगाराच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. हे जुन्या काळाचे दुखणे नाही, आजचेही आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकातून कामगाराच्या योग्य वेतनाचा आणि मानाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. बाजारात मातीच्या वस्तूंपाशी घासाघीस करताना, गावच्या कुंभाराकडून मडके घेताना दोन रुपयांसाठी अडून बसताना, त्या शिकवणीची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

सुंदर वस्तूचे कौतुक जरूर करावे. ब्रागाच्या त्या संतानेही ते पोपच्या टेबलावर बसून केले. पण रकाबी उलटी करून तळाची खूण पाहताना, किंमत आणि देश यांबरोबर आणखी एक गोष्ट मनात आणावी : हिला सत्तर हात लागले आहेत. त्यांतले काही इराणी खाणीत राबले, काही चिनी भट्टीपुढे भाजले, काही कोरियाच्या किनाऱ्यावरून बांधून नेले गेले आणि नागासाकीच्या एका झोपडीत काही हात भीतीने थरथरत जोडले गेले. ज्या घरात ही आठवण ठेवून ताट मांडले जाते, त्या घरी मातीचे भांडेही चांदीहून मौल्यवान ठरते.